आवरलेला कचरा

क्वेकर्स हिल, सिडनी
४ मार्च १९८४

प्रिय ऑगस्टिन,

हे पत्र मला एका पत्रकामुळे लिहावं लागत आहे. काल सकाळी ते आमच्या गल्लीत घरोघरी पडलं. वीटभट्टीच्या जुन्या खड्ड्यापाशी, म्हणजे माझ्या मागच्या कुंपणापलीकडे, कचरा जाळून त्यावर वीज करणारा कारखाना उभारायचा बेत आहे. पत्रकाच्या तळाशी छापलं आहे: प्रकल्प अभियंता ए. लोपीस, ब्रिस्बेन. तुझी आई डेझी माझी सख्खी बहीण. तू या देशात उतरलास तेव्हा नोकरी लागेपर्यंत माझ्या घरी राहिलास, माझ्या हातचं जेवलास. आणि ही बातमी मला लेटरबॉक्समधून कळावी?

सप्टेंबरात तू आमच्या गल्लीतले कचऱ्याचे डबे मोजायला आला होतास. गार्बोंच्या, म्हणजे कचरा नेणाऱ्यांच्या, ट्रकमागून हातमोजे घालून चालत होतास. संध्याकाळी माझ्याकडे दोनदा आमटी मागून घेतलीस. मी विचारलं, हे कशासाठी? तू म्हणालास, "अभ्यास आहे, मावशी." मी आयुष्यभर मुलींना शिकवलं आहे. विद्यार्थी "अभ्यास" कधी म्हणतो आणि का म्हणतो, हे मला कळतं.

काल दुपारी शेजारचा रॉन कुंपणावरून वाकून म्हणाला, "लिल, हा तुझा गस तर नव्हे?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? मग पलीकडच्या मिसेस झामिट आल्या. त्यांना धुतलेल्या चादरींची काळजी. १७ मेला शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सभा आहे. गल्लीकरांची समिती निघते आहे आणि तिची अध्यक्ष मी व्हावं असं सगळ्यांना वाटतं, कारण पत्रकातले टन आणि डिग्र्या वाचता येणारी इथे मीच. मी अजून हो-नाही सांगितलेलं नाही.

मी आगीच्या विरुद्ध नाही, हे लक्षात ठेव. मी रसायन शिकलेली बाई आहे. चिमणी दिसली की किंचाळणार नाही. पण माझ्या अंगणाशी काय येतं आहे, ते मला माझ्याच भाच्याकडून कळलं पाहिजे. लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर तू हसून विषय बदलतोस.

तुझी,
लिलियन मावशी

*

ब्रिस्बेन
११ मार्च १९८४

प्रिय मावशी,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि लगेच बंद केलं. मग घरी येऊन उभ्याने वाचलं. बसून वाचायची हिंमत झाली नाही. सॉरी. कंपनीने आम्हा सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं की जागा जाहीर होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. तुला सांगितलं असतं तर तू लपवलं नसतंस. तुला लपवता येत नाही, हे तू स्वतःच सांगतेस.

आता ऐक. दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला स्वित्झर्लंडला पाठवलं होतं. तिथे एका गावाच्या मधोमध असा कारखाना आहे. त्याच्या गरम पाण्यावर घरं उबदार राहतात आणि खिडकीत फुलांच्या कुंड्या. मी तिथे उभा राहून ठरवलं, असं एक आपण बांधायचं. इथे आलो तर कुणी ऐकूनच घेईना. तिथे जमीन नाही आणि कोळसा महाग. इथे खड्डे फुकट आणि कोळसा मातीच्या भावाने. एका काउन्सिलचा माणूस मला म्हणाला, "मेट, आमच्याकडे खड्डा आहे की! मग चिमणी कशाला बांधू?" दुसऱ्याने विचारलं, या विजेला गिऱ्हाईक कोण? तिसऱ्याच्या बायकोने कुठेतरी विषारी धुराबद्दल वाचलं होतं. असे किती दरवाजे बंद झाले सांगू.

हा एकच बेत टिकला, आणि तो तुझ्या गल्लीमुळे! तीन गल्ल्यांतले नमुने घेतले होते. दोन गल्ल्यांत डब्यांना झाकणं नव्हती आणि आदल्या दिवशी सर येऊन गेली, म्हणून ते नमुने बाद केले. तुमचा नमुना मात्र अप्रतिम निघाला. इतका कोरडा आणि इतका कागद की भट्टी वरून तेल न घालता आपली आपण जळेल. सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं आहे.

अहवालावर सही माझी असणार. माझी पहिली. सभेच्या रात्रीच तो काउन्सिलच्या हातात द्यायचा आहे. आमचे साहेब मिस्टर लॉक म्हणतात, हे झालं की सिडनीचं ऑफिस माझं. मावशी, तू त्या समितीची अध्यक्ष होऊ नकोस. जमलं तर दोन शब्द आमच्या बाजूने बोल. तू बोललीस तर लोक ऐकतात.

तुझा,
ऑगस्टिन

*

क्वेकर्स हिल
१८ मार्च १९८४

प्रिय ऑगस्टिन,

लपवता येत नाही हे खरं. म्हणून उघडच लिहिते.

धुराचं म्हणशील तर रॉनचा संताप ऐकण्यासारखा आहे. "माझ्या नातवंडांच्या फुप्फुसात कचऱ्याचा धूर जाणार!" म्हणतो. हा माणूस दर रविवारी मागच्या अंगणातल्या विटांच्या भट्टीत आठवड्याचे पेपर, बुटांची खोकी आणि कधी कधी जुने बूटही जाळतो. मी त्याला हे ऐकवलं. तो म्हणाला, "तो माझा धूर आहे, लिल. हा परक्याचा." तेव्हा धुराचं भांडण मी तुझ्यावर लादत नाही. चांगली चिमणी रॉनपेक्षा स्वच्छच जळेल.

मला दोन गोष्टी बोचतात. एक, राख. ती कुठे जाणार ते पत्रकात नाही. जाळल्यावर काही उरत नाही असं फक्त पत्रकांनाच वाटतं. दुसरी, काउन्सिलने पंचवीस वर्षं ठरलेला कचरा ठरलेल्या वजनाने तुम्हाला द्यायचा, कमी पडला तर दंड. हे पत्रकात बारीक अक्षरांत आहे. म्हणजे आम्ही काटकसरीने राहिलो, पेपर वेगळे विकले, सालं परसात पुरली, तर गुन्हा? वसईला आपल्या वाडीत कचरा नावाची वस्तूच नव्हती. सालं केळीच्या बुंध्याशी जायची, उरलेलं गाईला. पंचवीस वर्षं कचरा कमी न करण्याचं वचन माणसाने कसं द्यावं, ते मला समजव.

आणि दोन शब्द बोलायचं म्हणतोस? मी तुझ्यासाठी आधीच पुष्कळ केलं आहे. तू डबे उघडून बघणार म्हटल्यावर मी हात बांधून बसणार होते का? घरोघरी गेले. मिसेस झामिटना सांगितलं, माझा भाचा इंजिनिअर आहे, तो आपले डबे बघायला येतो आहे. आठवडाभर ओलं काही टाकू नका, सालं, उरलंसुरलं, कापलेलं गवत सगळं परसात पुरा. रॉनला सांगितलं, या रविवारी भट्टी पेटवू नकोस, पोरगा धुरात काम कसं करणार? पेपर सुतळीने बांधून डब्यात टाक. तो म्हणाला, "लिल, इट्स रबिश. नोबडी टायडीज रबिश." मी म्हटलं, "वी डू." पाहुणा यायचा असला की आपली माय आधी मागचं परस झाडायची आणि मग पुढची ओटी. सगळ्यांनी माझं ऐकलं. त्या दिवशी गल्लीतले डबे असे होते की त्यात वाढून जेवावं.

एवढं करून तू मला "अभ्यास आहे" म्हणालास.

लिलियन मावशी

*

ब्रिस्बेन
२४ मार्च १९८४

प्रिय मावशी,

तुझ्या पत्रातलं शेवटचं पुन्हा एकदा नीट सांग. राग सोडून, वर्गात शिकवतेस तसं. ओलं टाकू नका हे किती घरांना सांगितलंस? कागद जाळू नका असं फक्त रॉनला, की सगळ्यांना? मला डब्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे दिसले होते आणि ती गाठ तुझीच, हेही ओळखलं होतं. मला वाटलं, ते एकट्या तुझ्या डब्यातले असतील. ट्रकमध्ये सगळं एकत्र झालं, मग काहीच कळलं नाही.

तोवर हे कुणाला बोलू नकोस. प्लीज.

ऑगस्टिन

*

क्वेकर्स हिल
३० मार्च १९८४

प्रिय ऑगस्टिन,

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच राहिला. गेल्या पत्रात रागाच्या भरात मी काय लिहून गेले, ते तुझ्या प्रश्नांनी माझ्या डोक्यात शिरलं.

तर वर्गात सांगतात तसं सांगते. गल्लीतल्या सगळ्या घरांना सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी. एक म्हातारे गृहस्थ सोडून सगळ्यांनी पाळल्या, आणि त्यांच्या डब्यातलं ओलं मी स्वतः काढून माझ्या परसात पुरलं. म्हणजे जे एरवी डब्यात असतं ते त्या आठवड्यात मातीत गेलं, आणि जे एरवी रॉनसारख्यांच्या भट्टीत जातं ते डब्यात आलं. तू मोजलास तो आमच्या गल्लीचा कचरा नव्हता. तो तुझ्यासाठी आवरलेला कचरा होता.

ओली वस्तू जळायच्या आधी स्वतःला वाळवते आणि वाळायला लागणारी उष्णता तिच्याच पोटातून जाते. नववीच्या मुलींना मी हे ओल्या टॉवेलवरून शिकवत असे. तुझ्या भट्टीत आमचा खरा डबा पडला तर ती आपली आपण जळणार नाही. रोज वरून तेल ओतावं लागेल. विजेतून मिळेल त्यापेक्षा जास्त तेलात जाईल, आणि आम्ही पंचवीस वर्षं बांधलेले. पावसाने बाद झालेले दोन नमुनेच बहुधा खरे होते. पाऊस आमच्या डब्यांतही पडतो.

हे तू मिस्टर लॉकना सांग. तू आधी सांगावंस, मी नंतर, असं माझं म्हणणं आहे. १७ मेपर्यंत तू सांगितलं नाहीस, तर मी हॉलमध्ये उभी राहून सांगेन. भाचा असलास तरी. तुझी पहिली सही आहे ना, म्हणूनच.

लिलियन मावशी

*

क्वेकर्स हिल
२९ एप्रिल १९८४

प्रिय ऑगस्टिन,

महिना झाला, तुझा कागद नाही. ईस्टरला तू दरवर्षी फोन करतोस. यंदा केला नाहीस. दुपारी मिसेस झामिट बदामाचा केक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गस कामात असेल." मी म्हटलं, असेल.

गप्प बसण्याचा अर्थ मी एकच काढते. तू सही करायचं ठरवलंस. मग मीही ठरवलं. समितीचं अध्यक्षपद घेतलं आहे. माझं भाषण एका पानाचं आहे. त्यात तुझं नाव नाही. "प्रकल्प अभियंता" असं लिहिलं आहे. ते लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

डेझीचं पत्र आलं होतं. तिने वाडीत सगळ्यांना सांगितलं आहे की ऑगस्टिन सिडनीत वीज काढणार. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

लिलियन मावशी

*

ब्रिस्बेन
९ मे १९८४

प्रिय मावशी,

तू चुकीचा अर्थ काढलास. पण पूर्ण चुकीचाही नाही.

मिस्टर लॉकना मी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ते आधी खूप हसले. त्यांनी ऑफिसात सगळ्यांना बोलावून सांगितलं, "गसच्या आंटीने कचरा इस्त्री करून दिला!" मग दार लावलं आणि म्हणाले, "थोड्या गवताने कुणी मेलं नाही, मेट. आधी करार होऊ दे, नमुना पुन्हा घेऊ. नो वरीज." मी म्हटलं, करारानंतर आकडा कळून काय उपयोग? ते म्हणाले, सगळीकडे असंच सुरू होतं. सुरू झालं नाही तर कधीच होत नाही. आणि मावशी, त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच मला महिना लागला. इतके दरवाजे बंद झाल्यावर एक उघडला आहे, आणि तो मीच बंद करायचा? मला तो कारखाना हवा आहे. आजही.

अहवाल टेबलावर आहे. सहीची जागा कोरी. रोज पेन काढतो. झोप लागत नाही. लागली की स्वप्नात तुझ्या गल्लीतली झाकणं वाजतात.

काय करणार हे मला माहीत नाही. एवढंच मागतो. तुझं ते पान पर्समध्ये ठेव, पण मी बोलायच्या आधी वाचू नकोस. आणि आईला अजून काही लिहू नकोस.

ऑगस्टिन

*

क्वेकर्स हिल
२० मे १९८४

प्रिय ऑगस्टिन,

तू बोलून झाल्यावर मिस्टर लॉक तुला दंडाला धरून बाजूच्या दाराने घेऊन गेले, त्यामुळे तुला पुढचं काही दिसलं नाही. ते सांगायला हे पत्र. आणि आधीचंही थोडं, कारण तू व्यासपीठावर होतास, तुला हॉल दिसला नसेल. मी मागून तिसऱ्या बाकावर होते. पर्स मांडीवर, पान पर्समध्ये.

स्वित्झर्लंडची स्लाइड आली तेव्हा मिसेस झामिट माझ्या कानात म्हणाल्या, "फुलं छान आहेत." मला वाटलं, गेलं आता सगळं. मग रॉन उठून फुप्फुसांवर बोलला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आणि तुझे बूट, रॉन?" हॉल हसला. मिस्टर लॉकही हसले. त्यांना वाटलं, सभा खिशात आली. त्यांनी तुझ्यापुढे अहवाल सरकवला आणि म्हणाले, "गस सही करेल आणि प्रश्नांना उत्तरं देईल."

तू उभा राहिलास. मी पर्स उघडली नाही, तू सांगितलं होतंस म्हणून. पण माझा अंगठा कडीवर होता.

तू म्हणालास, "सॅम्पल बरोबर नाही. माझ्या आंटीने माझ्यासाठी गल्लीतला कचरा साफ केला होता." पुन्हा सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मिस्टर लॉक हळूच म्हणाले, "सिट डाऊन, गस." माइकमुळे ते सगळ्यांनी ऐकलं. तू बसला नाहीस. तू ओल्या टॉवेलचं उदाहरण दिलंस! माझं उदाहरण. हशा थांबला. तू म्हणालास, खऱ्या कचऱ्यावर ही भट्टी चालेल की नाही ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी सही करणार नाही. दुसऱ्या कुठल्या शहरात, दुसऱ्या आकड्यांवर कदाचित करेन. इथे नाही.

मग तुला नेलं. आणि पुढे? तू नसताना रॉन उभा राहिला आणि म्हणाला, "त्या पोराचं खरं आहे. मीच पेपर बांधून दिले होते. लिलने सांगितलं म्हणून." मग एकेक जण उठून कबूल करू लागला की त्याने काय काय पुरलं. मिसेस झामिटनी कॉलीफ्लॉवरचे दांडे पुरले होते, तिथे आता काहीतरी उगवलं आहे, असं त्या म्हणाल्या. काउन्सिलच्या माणसाने हात वर केला आणि जाहीर केलं की अहवाल आज स्वीकारत नाही. नमुना पुन्हा घेऊ, या वेळी आमच्या माणसांनी, न सांगता.

माझं पान तसंच घडी केलेलं घरी आलं. मी ते चुलीपाशी ठेवलं आणि खुर्चीत बसले. किती महिन्यांनी पाठ टेकली, मला आठवत नाही. बाळा, मी तुझ्याविरुद्ध बोलायला गेले होते आणि मला बोलावं लागलं नाही. यापेक्षा मोठं सुख मला या वर्षी मिळालेलं नाही.

नोकरीचं काय झालं ते लिही. डेझीला मी कळवलं आहे: ऑगस्टिनने भर सभेत खरं सांगितलं. विजेचं तिने काय समजायचं ते समजो.

लिलियन मावशी

*

टूवूंबा
५ ऑगस्ट १९८४

प्रिय मावशी,

पत्ता बघ आणि दचकू नकोस. मी टूवूंबाला आलो आहे. मिस्टर लॉक त्या रात्री विमानात माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. सोमवारी म्हणाले, "नो हार्ड फीलिंग्ज, मेट, पण तू या धंद्यातला नाहीस." मला वाटलं होतं वाईट वाटेल. मी लिफ्टने खाली आलो आणि रस्त्यावर उभा राहून खिमा भरलेला एक मीट पाय खाल्ला. पूर्ण. दोन महिन्यांनी पहिल्यांदा भूक लागली होती.

इथल्या हॉस्पिटलचं बॉयलर हाऊस माझ्याकडे आहे. वॉर्डांना गरम पाणी, लॉन्ड्रीला वाफ. कोळसाच जाळतो, हसू नकोस. पण किती जाळला, किती वाफ झाली, सगळं समोर दिसतं. बस जवळजवळ नाहीतच, म्हणून जुनी गाडी घेतली. इथे डॉक्टर शैलेंद्र म्हणून पुण्याचे एक आहेत, त्यांच्या घरी रविवारी पोहे मिळतात. त्यांचा मुलगा मला विचारतो, "अंकल, इज इट ट्रू यू गॉट सॅक्ड फॉर रबिश?" मी म्हणतो, येस.

झोप लागते, मावशी. झाकणं वाजत नाहीत.

एकच सांग. पुन्हा नमुना घेतला का? मला अजून उत्तर हवं आहे. माझं चुकलं असेल आणि तो कारखाना खरंच चालणार असेल, तर तेही कळव. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

आईने वाडीतल्या केळ्यांची सुकेळी पाठवली होती. कस्टमवाल्याने ती माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. मी त्याला म्हटलं, हा फार चांगल्या प्रतीचा कचरा आहे.

तुझा,
ऑगस्टिन

*

क्वेकर्स हिल
३० सप्टेंबर १९८४

प्रिय ऑगस्टिन,

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर आताच आलं.

नमुना घेतला. काउन्सिलची माणसं एका मंगळवारी सकाळी आली, न सांगता, सगळ्या भागातल्या गल्ल्यांतून. झाकणं असलेल्या, नसलेल्या, पावसात भिजलेल्या, सगळ्या. परवा त्यांचा निकाल कळला. तुझा ओला टॉवेल बरोबर होता. भट्टीला रोज तेल लागलं असतं. वीज घेणाऱ्यांनीही म्हणे फार उत्साह दाखवला नव्हता. तुमच्या कंपनीने बेत मागे घेतला आहे. बातमी ऐकून रॉनने आज रविवारची भट्टी पेटवली, आनंदाने. मी त्याला म्हटलं, हे शेवटचे काही महिने समज, पुढच्या वर्षी काउन्सिल दर दुसऱ्या मंगळवारी पेपर वेगळे गोळा करणार आहे. तो म्हणाला, "आणि माझे बूट?"

तुझ्या कारखान्याला दोष नाही, हे मी समितीत सांगितलं. पटवायला थोडा वेळ लागला. इथे खड्डा फुकट आहे, कोळसा स्वस्त आहे, कचरा ओला आहे आणि प्रत्येकाचा धूर ज्याचा त्याला गोड. यातली एक गोष्ट बदलली तर कदाचित कुणी पुन्हा येईल. खड्डा काही वर्षांत भरेल, तेव्हा नक्की येईल. तेव्हा त्याला खरा आकडा मिळावा, एवढंच मला हवं होतं. समितीचं काम संपलं, मी राजीनामा दिला.

त्या मंगळवारचं सांगते. पहाटेच ट्रकचा आवाज ओळखला आणि उठून दारात गेले. डब्यात आदल्या दिवशीचं सगळं होतं. हात आपोआप पुढे गेला. निदान गवत तरी वेगळं करावं, निदान ती टरफलं पेपरात गुंडाळावी! मिसेस झामिट पलीकडून बघत होत्या. त्यांचाही हात त्यांच्या झाकणावर होता. मी मान हलवली. त्यांनी हात काढला. मीही काढला. आयुष्यात घाण डबा परक्या माणसाच्या हातात दिला नव्हता. तो दिला, आणि आत येऊन मोठा चहा केला, आणि तो गरम असतानाच प्यायले.

डबा न्यायला आलेल्या काउन्सिलच्या मुलीकडून मी तसं लेखी घेतलं. ती म्हणाली, कचऱ्याची पावती कुणी मागत नाही. मी म्हटलं, आम्ही मागतो. मूळ माझ्याकडे आहे. नक्कल, मराठीत, तुझ्यासाठी खाली लिहिते. जपून ठेव. पहिल्या नमुन्याच्या शेजारी.

तुझी,
लिलियन मावशी

सोपवल्याची नोंद
क्वेकर्स हिल, मंगळवार, ११ सप्टेंबर १९८४

पत्र्याचा कचऱ्याचा डबा एक, झाकणासह.
आत: कोलंबीची टरफलं. लाल भोपळ्याची साल आणि बिया. चहाचा चोथा. कापलेलं गवत, ओलं. तळणीच्या गोड फुग्यांचा एक करपलेला घाणा. दुधाचं फुटलेलं भांडं.
कागद नाही. तो रविवारी शेजारी जळाला.
देणार: लिलियन तुस्कानो.
घेणार: डी. मॅकरे, काउन्सिलतर्फे.
डब्याची स्थिती: न आवरलेला. जसा होता तसा.